जमा-नावे: नडगीच्या दुखण्यातून उलगडलेलं एक प्रकरण

"डाव्या नडगीला आतून दुखतंय, धावायला लागलं की जास्त." जूनच्या पहिल्या आठवड्यात ती आली तेव्हा तक्रार एवढीच होती. वय ३१, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम, घरी नवरा, सासूबाई आणि साडेचार वर्षांचा मुलगा. सव्वा वर्षापासून धावत होती. आदल्या वर्षी तिने सातारा हिल हाफ मॅरेथॉन पहिल्यांदा पूर्ण केली होती आणि यंदा त्याच शर्यतीतला यवतेश्वरचा घाट अडीच तासांच्या आत चढून-उतरून यायचं ठरवलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात नडग्या, गुडघे आणि टाचांची रांगच लागते, बहुतेक त्याच घाटाच्या तयारीतली. त्या रांगेतली ही आणखी एक नडगी, असंच मला पहिल्या दिवशी वाटलं.

हे प्रकरण तिच्या परवानगीने लिहितेय. मसुदा तिने वाचला, दोन ठिकाणी दुरुस्तही करून दिला. ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिचं वजन किती होतं आणि किती झालं हे कुठेच दिलेलं नाही, ते मुद्दाम. असा आकडा दिसला की वाचणाऱ्यांतली एखादी लगेच आपला आकडा शेजारी मांडून पाहते. ज्यांच्यासाठी हे लिहितेय त्यांच्यातल्याच काहींना ती सवय आहे.

एका बोटावरचं दुखणं

धावणाऱ्यांची नडगी साधारण दोन तऱ्हांनी दुखते. हाडाच्या आवरणावर ताण आला असेल तर दुखणं वीतभर पसरलेलं असतं, "कुठे?" विचारलं की माणूस तळहात फिरवतो. हाडाला बारीक चीर पडायला लागली असेल तर बोट ठेवतो. तिने बोट ठेवलं. घोट्याच्या वर चार-पाच इंचांवर, आतल्या कडेला. तिथे मी अंगठा दाबला तर तिने पाय ओढूनच घेतला. डाव्या पायावर उड्या मारायला सांगितल्या. दुसऱ्या उडीला तिचा हात भिंतीवर गेला.

सोबत आणलेला एक्स-रे स्वच्छ होता. पहिल्या काही आठवड्यांत अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. अस्थितज्ज्ञांनी एमआरआय करायला लावला, त्यात हाडाच्या आत सूज निघाली: चार पायऱ्यांच्या मोजणीतली तिसरी पायरी. जागा तेवढी बरी होती. नडगीच्या पुढच्या धारेवर चीर असती तर काम फार लांबलं असतं.

अशा हाडाच्या दुखण्यात मी नेहमीचे प्रश्न विचारते: आठवड्याला किती किलोमीटर, बूट किती जुने, झोप, खाणं, पाळी. किलोमीटर ५५, शिवाय चार दिवस जिम. झोप साडेपाच तास. खाणं "एकदम क्लीन". आणि पाळी?

"नोव्हेंबरपासून नाही. पण मॅडम, बरंच झालं. रविवारच्या लांब धावेला अडचण नाही."

ती हसून म्हणाली. जिममध्ये तिला कुणीतरी सांगितलं होतं की फिट बायकांचं असं होतंच. मी लिहिता लिहिता थांबले. सात महिने पाळी नाही आणि एकतिसाव्या वर्षी हाडाला चीर, या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या की त्यांचं मूळ बहुतेक एकच असतं.

घर कमी पगारात चालतं तसं शरीर

ती हिशेबाची माणूस म्हणून तिला मी हिशेबाच्याच भाषेत समजावलं. पगार अचानक निम्मा झाला तर घर बंद पडत नाही. किराणा, वीज, शाळेची फी चालू राहते. रंगकाम, गळक्या छपराची डागडुजी पुढे ढकलली जाते. शरीरही तेच करतं. हृदय, मेंदू, फुप्फुसं यांचा खर्च थांबवता येत नाही, मग मेंदूतला हायपोथॅलॅमस आधी पाळीचा खर्च बंद करतो. बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं. हाडं झिजण्यावर हेच इस्ट्रोजेन लगाम ठेवतं. लगाम सुटला की हाड झिजतं लवकर आणि भरतं सावकाश, आणि त्याच हाडावर आपण रोज घाट चढत असतो.

खेळाडू स्त्रियांमधलं हे त्रिकूट, म्हणजे कमी खाणं, बंद पाळी आणि कमजोर हाडं, डॉक्टरांनी १९९२ पासून एकत्र मांडायला सुरुवात केली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवून खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट असं नाव दिलं, कारण हे पुरुषांतही होतं आणि परिणाम पाळी-हाडांपुरते राहत नाहीत. पचन, झोप, चिडचिड, वारंवार सर्दी-खोकला, पुरुषांत टेस्टोस्टेरॉनची घट, सगळं त्यात येतं. वजनगटासाठी खाणं तोडणारा पैलवान आणि पहाटे उपाशीपोटी धावणारी ही मुलगी यांचं दुखणं एकाच घरातलं.

मोजायची रीत साधी आहे. दिवसभरात खाल्लं त्यातून व्यायामात जळलेलं वजा करायचं आणि उरलेल्याला चरबी सोडून बाकीच्या वजनाने भागायचं. किलोमागे ४५ किलोकॅलरीच्या आसपास उरलं तर शरीराची सगळी कामं नीट चालतात. ३० च्या खाली बराच काळ गेला की काटकसर सुरू होण्याची भीती असते. ही काही काटेकोर सीमा नाही, कुणाचं शरीर आधी कुरकुरतं, कुणाचं नंतर. तिचा अंदाजे आकडा २१ आला.

आणि या सगळ्या काळात तिचा बीएमआय सामान्य होता. भारतीयांसाठी धरतात त्या २३ च्या मर्यादेतही व्यवस्थित. म्हणूनच कुणाला शंका आली नाही, मलाही पाहताक्षणी आली नव्हती. उंची-वजनाचं हे सूत्र बेल्जियमच्या केतले यांनी १८३० च्या दशकात लोकसमूहांचा अभ्यास करताना मांडलं. एका माणसाच्या पोटात आज पुरेसं गेलं का, हे सांगायला ते कधी बनलेलंच नव्हतं.

माझी चूक

एमआरआयचा अहवाल पाहून मी कागदावर लिहिलं: सहा आठवडे धावणं पूर्ण बंद. वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. तरी चूक होती, आणि ती मला बारा दिवसांनी कळली.

ती तपासणीला आली होती. बूट दाराशी काढले होते. पाय दाबून पाहिला तर दुखणं जूनच्या सुरुवातीपेक्षा जास्त. "धावत नाही ना?" "नाही मॅडम." मी दाराशी गेले तर तिच्या बुटांच्या तळव्यातल्या खाचांत तांबडा चिखल भरलेला होता, ओला. शहरात असा चिखल नाही. तो वरचा, यवतेश्वरच्या बाजूचा. मी काही बोलले नाही. तिने माझ्या नजरेचा माग काढला आणि रडायला लागली. रोज पहाटे साडेचारला, घरचे उठायच्या आत, ती बॅटरी घेऊन जात होती. आणि धावणं कमी झालं म्हणून रात्रीचं जेवण तिने सोडलं होतं.

म्हणजे विश्रांती सांगून मी तिचं हाड वाचवायला निघाले होते आणि प्रत्यक्षात तिला आणखी उपाशी ठेवलं होतं. धावणं हा तिचा नुसता छंद नव्हता, जेवणाची फेड होती. फेडण्याची सोय मी काढून घेतली, मग तिने कर्ज घेणंच थांबवलं. अशा माणसाला "व्यायाम बंद" एवढंच सांगणं धोक्याचं असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते मला तांबड्या चिखलात दिसलं.

त्याच संध्याकाळी मी माझ्या मानसतज्ज्ञ मैत्रिणीला फोन केला. खाण्याच्या विकारांची चाळणी करणारी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. २० किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचं असतं. हिचे २७ आले. मनोविकारतज्ज्ञांनीही एकदा पाहिलं. उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यातलं काही नव्हतं, म्हणून बाहेरून येऊन उपचार चालू ठेवायचे ठरलं. यातलं एक जरी असतं तरी मार्ग वेगळा असता. हा निर्णय फिजिओने किंवा जिमच्या प्रशिक्षकाने एकट्याने घ्यायचा नसतो. गावात मानसतज्ज्ञ नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पुढे कुणाकडे जायचं ते तिथे विचारता येतं.

वही

जुलैत ती आपल्या खाण्या-धावण्याच्या हिशेबाची वही घेऊन आली. मैत्रिणीने आणायला सांगितली होती, आणि ती आम्हा दोघींसमोर उघडायला तिला तीन भेटी लागल्या.

लाल कापडी बांधणीची उभी वही, दुकानात रोजकीर्दीला असते तसली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, मधोमध पेन्सिलने ओढलेली सरळ रेघ. उजवीकडे खाल्लेलं: कंदी पेढे २. पुरणपोळी १, वर तूप. भात, वाटी नाही, ताटात. डावीकडे त्याची फेड: ४ किमी. ६ किमी आणि दोरीच्या उड्या ५००. जिना २० वेळा. काही ठिकाणी डावीकडे फक्त "नाही म्हटलं" असं लिहिलेलं, म्हणजे कुणीतरी लाडू पुढे केला आणि तिने घेतला नाही, तो जमा. प्रत्येक पानाच्या तळाला बाकी, ती पुढच्या पानाच्या माथ्यावर मागील बाकी म्हणून ओढलेली. अक्षर इतकं सुरेख की लेखापरीक्षक खूश व्हावा.

मैत्रिणीने पानं उलटून पाहिली आणि एकच विचारलं, "यात एखादं पान असं दाखव, जिथे बाकी शून्य आहे."

पंधरा महिन्यांत एकही नव्हतं. पतसंस्थेत लोकांची कर्जखाती बंद करून त्यांना दाखला लिहून देणारी ही मुलगी. स्वतःच्या नावावर तिने असं खातं उघडलं होतं, जे कधी मिटणारच नव्हतं. ते तिला त्या क्षणी दिसलं असं ती नंतर म्हणाली. लगेच काही बदललं नाही, पण दिसलं.

वहीत आणखी एक गोष्ट होती, जी मी एकटी असते तर माझ्या नजरेतून सुटली असती. उपास. सुरुवातीच्या पानांवर महिन्याला दोन: चतुर्थी आणि एकादशी. मग सोमवार जोडला, मग गुरुवार, मग शनिवार. आपल्याकडे उपासाला कुणी हटकत नाही, घरात उलट कौतुक होतं. श्रद्धेने उपास करणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझी आईही करते. पण उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, दूध, केळं असं चार वेळा खाणारी बाई वेगळी आणि फक्त पाण्यावर दहा किलोमीटर धावणारी वेगळी.

"सुटलीस गं"

हे सुरू कुठून झालं? बाळंतपणानंतर दोन वर्षांनी, एका लग्नात. पंगतीत समोर बसलेली नात्यातली बाई म्हणाली, "सुटलीस गं अगदी." एवढंच वाक्य. त्या दिवशीची साडी तिने परत नेसली नाही.

आणि वाढलं कुठून? कौतुकातून. सहा महिन्यांत कामावर, इमारतीत, माहेरी, सगळीकडे एकच: "काय केलंस गं? चवळीची शेंग झालीस!" ज्यांनी आधी कधी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं ते थांबून विचारायला लागले. तिने मला सांगितलं, "मॅडम, टोमण्याचं एक दिवस वाईट वाटतं. कौतुकाची रोज भीती वाटते. हे गेलं तर?" हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना ऐकवलंय. बारीक झालेल्या माणसाचं कौतुक करताना तो आजारी आहे का, दुःखात आहे का, उपाशी आहे का, आपल्याला ठाऊक नसतं.

आपल्या भाषेत बाळ अंग धरतं, वासरू अंग धरतं, आणि ते आनंदाने सांगायची गोष्ट असते. बाईने अंग धरलं की मात्र ती सुटली.

एक गोष्ट तिने सहज सांगितली. तिने आपले सगळे ब्लाउज शिवणाऱ्या ताईंकडे आवळायला दिले होते. ताई म्हणाल्या, आतली माया तशीच ठेवते, पुढेमागे उसवता येईल. शिवणाच्या आत जादा सोडलेल्या कापडाला आपण माया म्हणतो, शिवणकाम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हिने ती कापून टाकायला लावली. "परत जायची वाटच नको." चौदा ब्लाउजांची माया कापली गेली.

खुराक

उपचारातला सगळ्यात मोठा भाग अन्न होता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि गर्भधारणा तपासून बाकीची कारणं बाजूला काढली. पाळी आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या नाहीत. त्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण हायपोथॅलॅमस जागा झाला की नाही ते झाकलं जातं, आणि हाडालाही त्याचा भरवसा नाही. लोह आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी होतं, ते सुरू केलं. कण्याच्या हाडाची घनता तिच्या वयाच्या सरासरीपेक्षा खाली आली: झेड स्कोअर (सरासरी म्हणजे शून्य) उणे १.४.

आहारतज्ज्ञांनी तिला वजनकाटा आणि मोजपट्टी दोन्ही बंद केले. धावायला जाण्याआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर तासाभरात नाश्ता, दोन्ही जेवणांत भाकरी किंवा भात पोटभर, उसळ, दूध-दही, तूप. खास काही नाही, घरात शिजतं तेच. अवघड गेलं ते वेगळंच: ज्या दिवशी व्यायाम नाही त्या दिवशीही तेवढंच खायचं. हाड भरायचं काम विश्रांतीच्या दिवशीच होतं, त्या दिवशी गवंड्याला उपाशी ठेवून चालत नाही.

इथे माझं आणि मैत्रिणीचं एकदा वाजलं. तिने लपूनछपून धावू नये म्हणून मी करार केला होता: दिवसभर नीट जेवलीस तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडे व्यायाम. चालत होतं, ती जेवत होती. मैत्रीण म्हणाली, "अगं, तू तिची वहीच चालवते आहेस. फक्त रकाने उलटे केलेस." मला ते लागलं. पण खरं होतं. आधी जेवणाची फेड व्यायामाने होत होती, आता व्यायामाची किंमत जेवणाने. आम्ही करार मोडला. जेवण जेवणाच्या जागी, व्यायाम व्यायामाच्या जागी. तिची तब्येत व्यायामापुरती आहे का, हे मी दर भेटीला पाहायचं: नाडी, चक्कर, दुखणं, झोप.

तालमीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिथे मेहनत आणि खुराक हे शब्द जोडीनेच येतात. दूध, बदाम, तूप, मालीश आणि दुपारची झोप हा सरावाचाच भाग. १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आलेले खाशाबा जाधव याच जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे. तिला मी म्हटलं, पैलवान खुराक खातो तेव्हा कुणाचं देणं फेडत नसतो.

व्यायाम न सोडता

दुसऱ्यांदा मी तिला काय बंद आहे याची यादी दिलीच नाही. काय करायचं ते दिलं. आठवड्यातून चार दिवस माझ्याकडे: चटईवर पोटाचे आणि मांड्यांचे व्यायाम, बसून खांद्यांचे, दुखणं नसेल तेव्हा स्थिर सायकल, आणि डंबेल्स. वजन उचलणं तिला आधी नको होतं, "जाड होईन." तीन आठवड्यांत आवडायला लागलं.

माझ्या हॉलमध्ये एका भिंतीला आरसा आहे. ती प्रत्येक व्यायामानंतर बाजूने उभी राहून पोट पाहायची, मग डाव्या मनगटाभोवती उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी जुळतात का ते पाहायची. मैत्रिणीने तिला हे थांबवायला सांगितलं नाही, फक्त दिवसातून किती वेळा होतं ते मोजायला लावलं. पहिल्या दिवशी ६३. ती स्वतःच चरकली. मी आरशाला पडदा लावला. मग इतर रुग्णही म्हणाले, पडदा राहू दे.

मैत्रिणीकडे ती आरशासमोर उभी राहायला शिकली, पण वेगळ्या रीतीने. आपल्या शरीराचं वर्णन करायचं, जमीन मोजणारा करतो तसं. जाड, बेढब, सुंदर, यातला एकही शब्द वापरायचा नाही. "ही मांडी. गुडघ्याच्या वर लहानपणी सायकलवरून पडल्याचा व्रण आहे. आतली त्वचा बाहेरच्यापेक्षा उजळ आहे." पहिल्यांदा दोन मिनिटंही जमलं नाही. ऑक्टोबरपर्यंत दहा जमायला लागली. शरीरावर प्रेम करायला तिला कुणीही सांगितलं नाही. ज्या शरीराशी पंधरा महिने भांडण चाललं होतं त्यावर एकदम प्रेम कर म्हणणं मला तरी खोटं वाटतं. आधी ओळख तरी व्हावी.

मोजायची हौस तिच्यात होतीच, ती मी पूर्ण काढून घेतली नाही. एका पायावर टाच उचलण्याची आवर्तनं: जुलैत उजव्या पायावर ११, डाव्यावर दुखण्याआधी ४. दोन आठवड्यांतून एकदाच मोजायचं, रोज नाही. नोव्हेंबरात दोन्हीवर २४. घड्याळातला जळलेल्या कॅलरींचा आकडा आम्ही बंद केला आणि धावायचं ॲप सहा महिन्यांसाठी फोनवरून काढलं.

ऑगस्टच्या अखेरीस एका पायाच्या उड्या बिनदुखत जमल्या. मग एक दिवसाआड अर्धा तास: एक मिनिट धावायचं, चार मिनिटं चालायचं. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत गेले. तिचा श्वास धावण्याने कमी आणि भीतीने जास्त वाढला होता.

पाण्याचं टेबल

सप्टेंबरची शर्यत अर्थातच हुकली. घरी बसून ती दिवसभर कुढेल अशी मला धास्ती होती, म्हणून तिला घाटातल्या एका पाण्याच्या टेबलावर उभं केलं. तीन तास ती पेले भरत होती. वर्षभर तिने तो घाट आपल्या घड्याळात पाहत पार केला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिने चढणारी माणसं पाहिली. पिळदार पोरं, पन्नाशीच्या बायका, पोट सुटलेले शिक्षक, काटकुळे, थुलथुलीत. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, त्या चढाला सगळेच सारखे वाकतात." बाकी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

नवरात्रात मोठा पेच होता. नऊ दिवसांचे उपास त्या घरात सासूबाईंपासून चालत आलेले. मैत्रिणीने घरच्यांना एकदा बोलावून घेतलं होतं, तेव्हा सासूबाई काहीच बोलल्या नव्हत्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांनी सुनेला सांगितलं, "यंदा तुझे उपास मी धरते. तू दोन वेळा जेवायचं, देवीला मी सांगते." आम्ही चौघी तज्ज्ञ मिळून जे करू शकलो नसतो ते त्यांनी एका वाक्यात केलं. हळूहळू कळलं की भाकऱ्यांची संख्या कमी झाल्याचं सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात आलं होतं, पण सुनेला जेवणावरून बोललं तर वेगळा अर्थ निघेल म्हणून त्या गप्प होत्या. घरात नंतर एक नियम ठरला: कुणाच्याही अंगावर बोलायचं नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. नवऱ्याला चांगलं न बोलणं जास्त जड गेलं.

अंग धरताना

ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात कठीण गेला. यावर लिहिणारे बहुतेक लोक हा भाग एका ओळीत उरकतात. पोट भरून खाल्लं की आधी पोट फुगतं, पायांवर सूज येते, वजन पोटाकडे आधी जमतं. ते पुढे सावरतं, पण त्या दिवसांत रोज सकाळी कपडे घालताना पुरावा अंगावर असतो. चौदापैकी एकही ब्लाउज बसेना, आणि आत माया नव्हती. ती आठवडाभर कामावर ओढणी घट्ट लपेटून गेली. मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता बसतील असे चार ड्रेस घे, महाग नकोत. न बसणाऱ्या कपड्यात दिवस काढणं म्हणजे दिवसभर कुणीतरी कानाशी बोलत राहणं. शिवणाऱ्या ताईंनी तीन नवे ब्लाउज शिवले. माया किती ठेवू, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नेहमी ठेवता तेवढी."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाळी आली. तिने मला फोन केला तो आनंदाने नाही. "म्हणजे वजन नक्कीच वाढलंय," ती म्हणाली, आणि बराच वेळ शांत राहिली. दोन्ही खरं होतं, आणि मी तिला आनंदी हो असं सांगितलं नाही. पुढची पाळी ३८ दिवसांनी आली, त्यापुढची ३३.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला तेच झालं ज्याची भीती होती. कुणीतरी म्हणालं, "पुन्हा अंग धरलंस गं!" दुसऱ्या दिवशी ती सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा धावली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन न विचारता सांगितलं. जूनमध्ये हीच मुलगी बुटाला चिखल असताना "नाही" म्हणाली होती. मला वाटतं, या प्रकरणात सुधारणा कुठे झाली असं कुणी विचारलं तर मी हा दिवस दाखवेन.

सध्या

पुढच्या सप्टेंबरात तिने घाट पूर्ण केला. पहिल्या वर्षीपेक्षा अकरा मिनिटं जास्त लागली. ते तिला आवडलं नाही आणि तिने ते लपवलंही नाही. चढावर दोनदा चालली, खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की होती, ती खाल्ली. नडगी दुखली नाही.

हाडाची घनता वर्षभरात थोडीच सुधारली, उणे १.२. हाड पाळीइतकं लवकर ऐकत नाही. पुढची तपासणी अजून वर्षाने आहे. मैत्रिणीकडच्या भेटी आठवड्यावरून महिन्यावर आल्या. मार्चअखेरच्या कामाच्या धबडग्यात मनगट मोजणं परत सुरू झालं होतं, एप्रिलमध्ये कमी झालं. फोटोला अजूनही ती मागच्या रांगेत उभी राहते.

लाल वहीची मागची पानं कोरी होती. सासूबाई त्यावर दुधाचा हिशेब लिहितात. आठवड्यातून चार दिवस ती धावते, दोन दिवस माझ्याकडे वजनं उचलायला येते. सोमवारी सुट्टी. गेल्या सोमवारी मी सहज फोन केला तेव्हा ती ताटावर होती, "जेवून करते मॅडम" म्हणाली, आणि ठेवून दिला.